उबुंटूवर काही बोर्ड चालतात, सीएच३४० वाला क्लोन मात्र पोर्टच देत नाही

लॅबवाला: मंडळी, पॉलिटेक्निकच्या लॅबमधे उबुंटू २२.०४ (लिनक्स) टाकलंय आणि पोरांकडे बोर्ड सगळे वेगवेगळे, कुणाचा ओरिजिनल अर्डुइनो उनो, कुणाचा सीएच३४० चिपवाला क्लोन (अर्डुइनोची स्वस्त नक्कल), कुणाकडे सीपी२१०२ वाला नोडएमसीयू बोर्ड (या दोन्ही यूएसबी-टू-सिरियल चिप). बाकीचे लगेच चालतात पण क्लोन लावला की एलएसयूएसबीत (यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) दिसतो, प्रोग्राम पाठवायला लागणारा सिरियल पोर्ट मात्र मिळत नाही. प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर टाकायला लागेल का? आणि पोरांना सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) द्यायचं नाहीये.

कर्नलकट्टा: काही टाकायचं नाही, या बोर्डांचे सगळे ड्रायव्हर कर्नलसोबतच (लिनक्सचा गाभा) येतात. बोर्ड लावला की तो आपला व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी सांगतो, ड्रायव्हरमधे चालणाऱ्या आयडींची यादी असते, जुळलं की ड्रायव्हरचं मॉड्यूल आपोआप लोड. टर्मिनलमधे मॉडइन्फो सीएच३४१ करा, यादी दिसेल (३४० ला पण हाच ड्रायव्हर). उनो तर आयडीवरून नाही, क्लासवरून (उपकरणाचा प्रकार) ओळखला जातो, म्हणून त्याच्या पोर्टचं नाव टीटीवायएसीएम० येतं. क्लोन लावून डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, बीआरएलटीटीवाय दिसतंय का?

लॅबवाला: हो दिसतंय! आधी टीटीवाययूएसबी० पोर्ट जोडला म्हणतंय आणि लगेच डिस्कनेक्ट.

कर्नलकट्टा: मग तेच. बीआरएलटीटीवाय हा अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे आणि त्याच्या युडेव्ह रूलमधे (उपकरण लावल्यावर काय करायचं ते सांगणारा नियम) १ए८६:७५२३ हा आयडी आहे, जो तुमच्या क्लोनचाही आहे, कारण अशा क्लोनमधे आयडी बोर्डाचा नसतो, आतल्या चिपचा असतो. म्हणून तो तुमचा पोर्ट बळकावतो.

तारजोड: बीआरएलटीटीवाय सरळ अनइन्स्टॉल करा, दोन मिनिटांचं काम.

कर्नलकट्टा: लॅबमधे असं नका करू प्लीज, उद्या एखादा अंध विद्यार्थी आला तर त्याचा डिस्प्ले चालायलाच पाहिजे. ८५-बीआरएलटीटीवाय रूलची फाइल /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी मधे त्याच नावाने कॉपी करा आणि त्या एका आयडीची ओळ कॉमेंट करा (पुढे # लावून बंद करा). मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आला की बदल पुसला जातो. मग युडेव्ह रूल्स रीलोड करून बोर्ड काढून परत लावा. सुडोचं म्हणाल तर पोरांचे अकाउंट डायलआऊट ग्रुपमधे (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घाला, लॉगआऊट-लॉगिन केलं की झालं.

तारजोड: हे बरोबर, माझं मागे घेतो. एक भर, एकाच मशीनला दोन क्लोन लावणार असाल तर सीएच३४० मधे बहुतेक वेळा सिरियल नंबरच नसतो, त्यामुळे टीटीवाययूएसबी० कुठला आणि १ कुठला हे लावायच्या क्रमावर ठरतं. /डेव्ह/सिरियल/बाय-पाथ मधली नावं वापरा, ती यूएसबी सॉकेटप्रमाणे असतात, रीबूट केलं तरी तीच राहतात.