‘हार्ड-प्रेस्ड टू आर्ग्यू’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न: क्रिकेटवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करते आहे. त्यात वाक्य आहे, ‘यू वुड बी हार्ड-प्रेस्ड टू आर्ग्यू दॅट ब्रॅडमन वॉज नॉट द ग्रेटेस्ट.’ मी लिहिलं, ‘ब्रॅडमन सर्वश्रेष्ठ नव्हता असा युक्तिवाद करणे तुम्हाला कठीण जाईल.’ फार मिळमिळीत वाटतंय. पुढे ‘टफ सेल’ आणि ‘अ स्ट्रेच’ आहेत. तिथेही ‘कठीण’च लावायचं का?

उत्तर: अर्थ बरोबर आहे, धार गेली. इंग्रज भिडस्तपणे ‘कठीण’ म्हणतोय, त्याच्या मनात ‘अशक्य’ आहे. ऑस्ट्रेलियाच्या या फलंदाजाच्या ५२ कसोट्या आणि ९९.९४ची सरासरी! (१९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात इंग्लंडचा गोलंदाज होलीजने त्याचा शून्यावर त्रिफळा उडवला, चार धावा झाल्या असत्या तर सरासरी पुरती शंभर झाली असती.) अशा माणसाबद्दल मराठीत सरळ विचारावं: ‘ब्रॅडमन सर्वश्रेष्ठ नव्हता असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?’ प्रश्नातच ‘नाही’ येऊन जातं.

‘टफ सेल’मध्ये घोडं ऐकणाऱ्यापाशी अडतं. मुद्दा खराही असेल, पण गळी उतरत नाही. ‘टोल वाढवला तो तुमच्याच सोयीसाठी, हे लोकांच्या गळी उतरवणं सोपं नाही.’

‘अ स्ट्रेच’ला ‘ओढूनताणून’ आहेच. फार ताणलं असेल तर ‘बादरायण संबंध’ लिहा. बोरीला संस्कृतात ‘बदरी’ म्हणतात. आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातलग! पंचाच्या एका निर्णयावरून अख्ख्या मालिकेचा निकाल समजावणाऱ्यांना हा शब्द चपखल बसतो.

आणखी एक शंका: ‘नॉट अ लेग टू स्टँड ऑन’ला ‘बाजू लंगडी’ चालेल?

उत्तर: थोडं कमी पडतं. लंगडी बाजू कशीबशी उभी तरी असते. इंग्रजीत पायच नाही. ‘बोलायला तोंड उरलं नाही’ सुचेल, पण त्यात लाजेची छटा येते, ती मूळ वाक्यात असेलच असं नाही. ‘म्हणण्याला काडीचा आधार नाही’ हे मला जास्त जवळचं वाटतं.

आणि ताई, लेखात पुढे नुसतं ‘द बोलर्स वेअर हार्ड-प्रेस्ड’ आलं तर वरचं काही लावू नका. तिथे गोलंदाजांच्या नाकी नऊ आलेत, एवढंच.