सल्ला हवा: कर्नल क्रॅशचे विश्लेषण करणारे साधन अद्ययावत करावे की बदलावे?

मोसंबी_जालना

नमस्कार. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका सळई कारखान्याचे दोन लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. एकावर वजनकाट्याच्या आणि भट्टीच्या नोंदी साठतात, दुसऱ्यावर हिशेब चालतो. उन्हाळ्यापासून दोन्ही सर्व्हर अधूनमधून कर्नल पॅनिक होऊन (म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, सावरता न येणारा दोष येऊन) बंद पडत आहेत. केडम्प (पॅनिकच्या वेळची मेमरी जतन करणारी सोय) आधीच बसवलेले असल्यामुळे व्हीएमकोअर फायली, म्हणजे त्या मेमरीच्या प्रती, हाती लागल्या आहेत, परंतु त्या वाचतानाच अडचण येत आहे.

विश्लेषणाच्या संगणकावर अशा फायली वाचणाऱ्या क्रॅश युटिलिटीची ८.०.२ ही आवृत्ती आहे. पहिल्या सर्व्हरचे कर्नल ६.१ असून त्याची फाइल उघडते, 'लॉग' (कर्नलचे संदेश) आणि 'बीटी' (फंक्शनच्या हाकांची साखळी) या आज्ञाही नीट चालतात, मात्र 'व्हीएम' (प्रोसेसचे मेमरी विभाग) दिली की 'इनव्हॅलिड स्ट्रक्चर मेंबर ऑफसेट' असा संदेश येऊन काम थांबते. दुसऱ्याचे कर्नल ६.८ आहे आणि त्याच्या फाइलवर सत्रच सुरू होत नाही. तोच संदेश 'मॉड्यूल कोअर साइझ' या नावासह येतो. त्यातच पहिल्या फाइलच्या माथ्यावर 'पार्शल डम्प' असे दिसत असल्याने फायलीच अर्धवट आहेत, असा मालकांचा समज झाला आहे.

फायली खरोखर बिघडलेल्या आहेत का? नसल्यास साधनाची नवी आवृत्ती घ्यावी की ड्रॅगन (drgn, याच कामाचे दुसरे साधन) वापरावे?

गोदाकाठ_नांदेड

आपल्या फायली बिघडलेल्या असण्याची शक्यता फार कमी आहे. 'पार्शल डम्प' म्हणजे तुटलेली फाइल नव्हे. मेकडम्पफाइल ही आज्ञा मेमरी जतन करताना शून्यांनी भरलेली, कॅशची (दोन प्रकारची), युजर प्रोग्रॅमांची आणि मोकळी पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, गाळते; सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३१ या डम्प पातळीत हे पाचही प्रकार वगळले जातात आणि तसे झाल्याची नोंद माथ्यावर येते. डिस्कवर जागा संपून लेखन मध्येच थांबले असते तर तेथे 'इनकम्प्लीट' दिसले असते. काळजी करायची ती त्या शब्दाची.

आता मुख्य मुद्दा. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमांशी असलेला व्यवहार जपते, पण स्वतःच्या अंतर्गत रचना कशा असाव्यात याचे कोणतेही वचन देत नाही. क्रॅश युटिलिटी नेमकी त्याच रचना वाचत असल्याने कर्नल बदलले की तिलाही बदलावे लागते. ६.१ मध्ये प्रोसेसच्या मेमरी विभागांची नोंद ठेवणारी जोडयादी (लिंक्ड लिस्ट) आणि रेड-ब्लॅक वृक्ष या रचना काढून मेपल वृक्ष ही रचना आणली गेली. जुने साधन ती जोडयादीच शोधत बसते, म्हणून आपली 'व्हीएम' आज्ञा पडते. मेपल वृक्ष वाचण्याची सोय ८.०.३ मध्ये आली. ६.४ मध्ये मॉड्यूलच्या (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या भागांच्या) मेमरीची मांडणी बदलली आणि त्याची दुरुस्ती ८.०.४ मध्ये झाली. आपली दुसरी फाइल का उघडत नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

सत्र बंद पडते तेव्हा निदान दोष कळतो. मला अधिक भीती वाटते ती मुकाट्याने चुकीचे आकडे दाखवणाऱ्या जागांची. ६.२ पासून प्रोसेसच्या मेमरीचा हिशेब प्रत्येक सीपीयूसाठी स्वतंत्र गणकांत ठेवला जातो. हा बदल ठाऊक नसलेल्या आवृत्तीतील 'पीएस'चा (प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेचा) आरएसएस, म्हणजे प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीचा, रकाना पाहून मेमरी गळतीचा निष्कर्ष काढू नये.

माझा सल्ला असा की थेट ९.०.० किंवा त्यापुढची आवृत्ती स्रोतातून बांधावी. ती जीडीबी (प्रोग्रॅममधील दोष शोधण्याचे साधन) १६.२ वर उभी आहे, तर ८.० च्या मालिकेत जीडीबी १०.२ होते. बांधणी वेगळ्या संगणकावरच करावी, सर्व्हरला हात लावण्याची गरज नाही. एक्स्टेन्शन वापरत असाल तर तीही नव्याने बांधावीत.

वेरूळकर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण ड्रॅगन दुय्यम समजू नये. त्यात तयार आज्ञांऐवजी पायथनमधून रचना वाचायच्या असतात. एखादी यादी हजारो नोंदींतून चाळायची असेल किंवा तीच तपासणी प्रत्येक नव्या फाइलवर करायची असेल, तर त्याला तोड नाही. मेकडम्पफाइलने दाबलेली फाइल वाचण्यासाठी लिबकेडम्पफाइल ही लायब्ररी सोबत असावी लागते, हे मात्र आधी तपासावे. पायथनचा सराव नसेल तर घाईच्या वेळी क्रॅशच बरे.

नव्या क्रॅशमध्ये मला सर्वात उपयोगी वाटलेली सुधारणा म्हणजे जीडीबीमार्फत स्टॅक उलगडण्याची सोय. त्यामुळे फंक्शनला दिलेले अर्ग्युमेंट आणि स्थानिक व्हेरिएबल बऱ्याच ठिकाणी थेट दिसतात; पूर्वी त्यासाठी असेम्ब्ली वाचत रजिस्टरांचा माग काढावा लागे.

लातूर_पॅटर्न

एक पायरी दोघांकडूनही राहिली. वाचणाऱ्या साधनाइतकेच लिहिणारे साधनही जुने असू शकते. सर्व्हरवरील मेकडम्पफाइलने 'कर्नलची ही आवृत्ती समर्थित नाही' असा इशारा दिला होता का, ते पाहावे. दिला असेल तर फाइलवर पूर्ण भिस्त ठेवू नये. शिवाय भट्टीच्या शेजारी उन्हाळ्यात बंद पडणारा सर्व्हर म्हटल्यावर मी आधी लॉगमध्ये 'मशीन चेक'च्या, म्हणजे सीपीयूने नोंदवलेल्या हार्डवेअर दोषांच्या, ओळी शोधेन. हार्डवेअरचा दोष असेल तर कर्नलच्या रचना उकलण्यात वेळ जाईल आणि पंखा तसाच राहील.

मोसंबी_जालना

सर्वांचे आभार. पहिल्या सर्व्हरच्या लॉगमध्ये मशीन चेकच्या ओळी सापडल्या, त्यामुळे तो विषय हार्डवेअरवाल्यांकडे दिला आहे. दुसऱ्याच्या लॉगमध्ये, म्हणजे केडम्पने शेजारीच जतन केलेल्या मजकूर फाइलमध्ये, तशी एकही ओळ नाही. नवी आवृत्ती बांधायला घेतली, पण कारखान्यातील संगणकाला बाहेरचे इंटरनेट नसल्याने बांधणी जीडीबी उतरवण्यापाशीच थांबते. तसेच नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय असल्याने पुरवठादार पूर्ण व्हीएमकोअर मागत आहे. ती द्यावी का?

गोदाकाठ_नांदेड

जीडीबीची स्रोत फाइल दुसरीकडून आणून क्रॅशच्या स्रोताच्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती तेथे सापडली की बांधणी पुढे जाते. जीएमपी आणि एमपीएफआर या गणिती लायब्रऱ्यांची डेव्हलपमेंट पॅकेजेही सोबतच न्यावीत, नाहीतर पुढच्या टप्प्यावर पुन्हा अडकाल. कर्नलची डीबग चिन्हे असलेली व्हीएमलिनक्स फाइल पॅनिक झालेल्या नेमक्या बांधणीचीच हवी, शेवटच्या आकड्याचाही फरक चालत नाही.

पूर्ण फाइल सहसा देऊ नये. युजर पाने गाळली तरी कर्नलच्या मेमरीत एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, नेटवर्कची पाकिटे आणि फायलींची नावे उरतात, आणि आपल्या त्या सर्व्हरवर हिशेब आहे. आधी लॉग, 'बीटी -ए' (प्रत्येक सीपीयूवरील साखळी) आणि 'मॉड' (मॉड्यूलांची यादी) यांचे उत्तर पाठवावे. त्यावर भागत नसेल तर ड्रायव्हरची नेमकी कोणती रचना पाहायची आहे ते त्यांनी लेखी कळवावे आणि ती आपणच काढून द्यावी.