थर्माकोलच्या भिंती नागपुरात परवडतील का?

बेसावाला:
मावसभाऊ डॅलसजवळ घर बांधून राह्यला. तिकडं घरं लाकडी सांगाड्याची. यानं मात्र आयसीएफ घेतलं: थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळया, वरून काँक्रीट, आणि थर्माकोल काढायचाच नाही. नुसत्या भिंती लाकडापेक्षा बऱ्याच महाग पडल्या, पण अख्ख्या घराच्या हिशेबात फरक पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणतो. एसीही कमी टनाचा लागला. २३ मे २०१३ ला आपल्याकडं ४७.९ अंश होतं. अशा गावात हे कोणी का करत नाही? दिवाळीनंतर पाया खोदायचा आहे.

साईटवरचा:
भाऊ, तुलनाच उलटी होऊन राह्यली. तिकडं पाइन स्वस्त, मजूर महाग. २०२१ मध्ये लाकडाचे भाव भडकले तेव्हा अंतर आपोआप कमी झालं. इथं लाकडी घर बांधतो कोण? आलापल्लीचं सागवान चौकटीपुरतं घेतानाच घाम फुटतो. आपल्याकडं लढत फ्लाय ॲश म्हणजे कोळशाच्या राखेच्या विटेशी, आणि राख कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची, घरासमोरची.

बेसावाला:
आयसीएफची भिंत स्वतःच भार घेते. कॉलमचे पैसे वाचतात, ते धरले का?

साईटवरचा:
धरले. आता भाडं धरा. थर्माकोलचा ट्रक म्हणजे हवेचं भाडं. शिवाय काँक्रीट थराथरानं भरावं लागतं; घाई केली की साचा फुगतो, कधी फुटतो. आत पोकळी राहिली तर दिसतही नाही. विटेचा गवंडी चुकला तर मला ओळंबा सांगतो.

महालची ताई:
दोघंही भिंतीलाच चिकटले. तुमच्या घरी उन्हाळ्यात काय चालतं? कूलर ना? कूलरला खिडकी उघडी लागते, ओली हवा बाहेर गेली नाही तर घर चिकचिक करते. आयसीएफचा फायदा घर बंद ठेवण्यात. म्हणजे मावसभावाचा हिशेब एसीचा, तुमचा खसच्या टट्टीचा! आणि एकमजली घरात खरी आग स्लॅबमधून उतरते. आम्ही गच्चीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले, तर रात्री वरच्या खोलीत झोपता येऊ लागलं. आधी ते करा.

बेसावाला:
ताई, कूलर जूनपर्यंतच. पाऊस लागला की तो नुसता दमटपणा वाढवते. मग दोन महिने एसीच.

महालची ताई:
दोन महिन्यांसाठी चारी भिंती?

साईटवरचा:
पटलं. पश्चिमेची तेवढी एएसी ब्लॉकची, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांची घ्या, बाकी वीट.

बेसावाला:
एकाच भिंतीचं म्हणता तर आयसीएफचाही भाव मागवतो. थर्माकोलमध्ये देवघराचा खिळा बसतो का, हे आईनं विचारलं आहे. मावसभाऊ म्हणतो, आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, स्क्रू त्यांतच मारायचा.

महालची ताई:
आईंना पट्टी कुठं आहे ते खडूनं आखून द्या.