मिलिटरी इंटेलिजन्समध्ये जीआयएस नक्की कशाला लागतं?

चोपड्याचा_पोऱ्या
जळगावला एम.एस्सी. भूगोल करतोय. प्रोजेक्टचा विषय घेतलाय ‘सैनिकी गुप्तवार्ता आणि जीआयएस’ (जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहितीचे थर एकत्र बघायची पद्धत). सर म्हणे, आपल्या भागातलं काहीतरी घे. म्हणून क्यूजीआयएस सॉफ्टवेअरमध्ये धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावरून व्ह्यूशेड काढलं. जिथपर्यंत नजर जाते तो भाग हिरवा आला, छान दिसतंय. पण पुढे काय लिहू? आर्मीचं सॉफ्टवेअर काही वेगळं असतं का? आणि घरचे विचारताय, याच्यात नोकरी कुठे?

रिमोटवाला_धुळे
डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डेटा, कोणता घेतला ते आधी सांग. एसआरटीएम असेल तर तो फेब्रुवारी 2000 चा, स्पेस शटलमधून रडारने घेतलेला. दाट झाडीत रडारला बरंचसं झाडाचं डोकं दिसतं, जमीन नाही. इस्रोच्या भुवन साइटवर कार्टोडीईएम, म्हणजे भारतीय उपग्रहाचा डीईएम, फुकट आहे, तो लावून ताडून बघ.

सुभेदार_पारोळा
राम राम. तोफखान्याच्या सर्व्हेत नोकरी झाली, आता शेती बघतो.

बाळा, हिरवं राहू दे बाजूला. जे हिरवं झालं नाही ते बघ. आम्ही त्याला डेड ग्राउंड म्हणायचो. शत्रू हिरव्यात उभा राहायला येडा आहे का? ओपीवरून, म्हणजे टेहळणीच्या जागेवरून, आग्रा रोड दिसतो हे किल्ला बांधणाऱ्यालाही माहीत होतं, त्याला कॉम्प्युटर लागला नाही. रस्ता सोडून कुठून लपत येता येईल, हे तुझ्या नकाशाने सांगितलं तर ती गुप्तवार्ता.

आता तापीकाठच्या घळी घे. तुझा डीईएम तीस मीटरचा असेल, म्हणजे तीस बाय तीसच्या चौकोनाला एकच उंची. पंधरा मीटर रुंदीची घळ त्यात बुजून जाते. स्क्रीनवर सपाट रान, आणि जागेवर गाडीसकट आख्खं सेक्शन, म्हणजे जवानांची छोटी तुकडी, आत बसतं. अशा दोन-तीन घळी पायी फिरून जीपीएसवर घे आणि डीईएमवर टाक. सर खूश होतील.

दुसरं म्हणजे गोइंग मॅप. कोणती गाडी कुठून जाईल, कुठे अडेल, त्याचा नकाशा. उतार, माती, नाले, रस्ते, पूल, प्रत्येकाचा लेयर वेगळा. आपल्या काळ्या मातीत जानेवारीत ट्रक शेतातून सरळ काढशील. जुलैत तिथंच ट्रॅक्टर रुतून बसतो, मग लोडेड गाडीचं नाव नको. फरशी पूल पाण्याखाली गेला की रस्ता कागदावरच. म्हणून एकाच भागाचे दोन नकाशे कर, उन्हाळी आणि पावसाळी. रावेर-यावलकडे केळीचाही लेयर टाक. बाग उभी असली तर बांधावरून चार ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही, आणि बाग दर वर्षी त्याच शेतात नसते. तिथं ताजी सॅटेलाइट इमेजच पाहिजे.

जुनी टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा उंच-सखल दाखवणारा नकाशा, वापरणार असशील तर डेटम बघ, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या मापावर धरलेत ते. ती एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर, तुझा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या मापावर. तसंच एकावर एक टाकलं तर आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. पर्यटकाला चालतं. तोफेला चालत नाही.

नकाशावाली_नंदुरबार
सुभेदार काकांनी जमिनीचं सांगितलं. माणसांच्या हालचालीचाही लेयर असतो. जानेवारी 2018 मध्ये स्ट्राव्हा ॲपच्या हीटमॅपवर सीरिया, अफगाणिस्तानातले लष्करी तळ उजळून दिसले होते. जवान फिटनेस बँड लावून तळाभोवती धावत होते, बाकी चहूकडे काळोख. एकेका धावण्यात काही नव्हतं, सगळ्या एकत्र नकाशावर आल्या आणि घोळ झाला. प्रोजेक्टात पानभर हे टाक.

चोपड्याचा_पोऱ्या
काका, केळीचं डोक्यातच नव्हतं. पण हे सगळं नकाशावर काढायला परवानगी लागते का?

सुभेदार_पारोळा
फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांपासून भारतीय माणसाला नकाशा करायला आधी परवानगी लागत नाही. पण संवेदनशील जागांवर नावं टाकायची नाहीत, ते बंधन आहेच. भुसावळ-वरणगावच्या फॅक्टऱ्यांपासून लांब राहा, घळी भरपूर आहेत. टोपोशीट ओपन सिरीजची घे, डिफेन्स सिरीज तुझ्यासाठी नाही.

नोकरीचं म्हणशील तर सर्व्हे ऑफ इंडिया आहे, डीआरडीओची चंदीगडची जिओइन्फॉर्मॅटिक्स लॅब आहे, जाहिराती बघत राहा. सॉफ्टवेअरची काळजी सोड, क्यूजीआयएस पुरे. घळी बघायला जाशील तेव्हा पावसाच्या आत जा, आणि एकटा जाऊ नको.