मागच्या सीटवर धुराचा उग्र वास येतो, पीयूसी मात्र व्यवस्थित आहे. गळती कुठे शोधावी?

आमच्याकडे २००६ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल कार आहे. ती पुण्यात २००५ पासून लागू झालेल्या भारत स्टेज ३ प्रदूषण निकषांची असून तिला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे आणि त्याची टाकी डिकीत आहे. गेले काही महिने गाडी चालू असताना आत धुराचा उग्र वास येतो आणि तो मागच्या सीटवर अधिक जाणवतो. लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या आईचे डोके दुखू लागते, तिला मळमळते, आणि उतरून मोकळ्या हवेत थोडा वेळ गेला की बरे वाटते. त्यामुळे कारण सापडेपर्यंत तिला या गाडीतून नेणे थांबवले आहे. गाडी विकून टाकण्याचा सल्ला घरातून रोज मिळतोच, तेव्हा तो वगळून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वास नेमका कसला आहे, हे आधी स्पष्ट करतो. तो कच्च्या पेट्रोलचा नाही. सीएनजीची गळती ओळखता यावी म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचाही नाही, कारण रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीत कसलाच वास येत नाही. कुजलेल्या अंड्यासारखा असता तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागावर) आणि जास्त पेट्रोल जाण्यावर संशय घेतला असता, पण तसेही नाही. डोळे चुरचुरावेत असा, जळून बाहेर पडलेल्या धुराचाच हा वास आहे.

सिग्नलला उभे असताना तो जवळपास येत नाही. सातारा रस्त्यावर वेग वाढला की मागे येऊ लागतो आणि खंबाटकीचा चढ चढताना सर्वांत जास्त येतो. मागच्या काचा थोड्या खाली केल्या तर तो कमी होण्याऐवजी वाढतो. याउलट सर्व काचा बंद ठेवून ब्लोअरने बाहेरची हवा पुढून जोरात आत घेतली की पुष्कळ कमी होतो, आणि एसीला आतलीच हवा फिरवायला लावली की पुन्हा जाणवतो. याखेरीज सकाळी इंजिन थंड असताना बोनेटखालून टकटक आवाज येतो व इंजिन तापल्यावर तो थांबतो. मायलेजही थोडे घटले आहे.

एका गॅरेजमध्ये मागचा सायलेन्सर बदलून घेतला, फरक पडला नाही. दुसऱ्या मेकॅनिकच्या मते मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या, इंजिनाला जोडलेल्या भागाचे) पॅकिंग गेले आहे, परंतु ते काम काढले तर इतक्या जुन्या गाडीचे गंजलेले स्टड (तो इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट) तुटण्याची शक्यता आहे आणि मग खर्च बराच वाढेल, असे त्यांनीच सांगितले. दोघांनीही पीयूसी पाहून काळजीचे कारण नसल्याचा निर्वाळा दिला. आमच्या गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे आणि आकडा तिच्या आत आहे, हे खरे. पण पाइपच्या टोकाशी घेतलेल्या मोजणीवरून मधल्या गळतीबद्दल काही कळते का, ही माझी मुख्य शंका आहे. दुसरी शंका अशी, की वास मागून येत असताना मॅनिफोल्ड उघडणे योग्य आहे का?

प्रतिसाद:

तुमची पहिली शंका रास्त आहे. पाइपच्या सांध्याला फट असेल तर धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि टोकाशी मिळणारा नमुना पातळ होतो, म्हणून गळक्या गाडीचा आकडा उलट चांगला दिसू शकतो. पीयूसी हवेतल्या प्रदूषणासाठी आहे, गाडीतल्या माणसांसाठी नाही.

मला वाटते, तुमच्याकडे दोन दोष आहेत आणि मेकॅनिक एकाच्याच मागे लागले आहेत. धूर बाहेर कुठे पडतो आणि तो आत कुठून शिरतो, हे वेगवेगळे शोधावे लागेल. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे शेपटीचा धूर तिथेच घोटाळतो. मागच्या काचा उघडल्यावर आतली हवा बाहेर खेचली जाते आणि तिची जागा घ्यायला धूर डिकीच्या फटींतून आत येतो. तुमची सगळी लक्षणे याच्याशी जुळतात. बोनेटखालची गळती मुख्य असती तर वायपरजवळच्या जाळीतून बाहेरची हवा घेताना, विशेषतः सिग्नलला, वास वाढला असता.

तेव्हा डिकी रिकामी करा. टाकीखालची व स्टेपनीच्या खळग्यातली रबरी बुचे पाहा. किट बसवताना नळीसाठी पाडलेले भोक नीट बंद केले आहे का, हे आवर्जून तपासा. बाहेरच्या कामात हीच जागा उघडी राहते. सीएनजीच्या वायुवीजनाची नळी मात्र बुजवू नका, ती गळती झालीच तर वायू बाहेर जाण्यासाठी असते. डिकीच्या बीडिंगमध्ये (झाकणाच्या कडेच्या रबरी पट्टीत) कागदाची पट्टी धरून झाकण लावा. पट्टी सहज निसटली तर तिथे फट आहे.

धूर बाहेर कुठे पडतो ते पाहण्यासाठी मोकळ्या जागेत, थंड इंजिन सुरू करून, कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने पाइपचे तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि सांध्यांजवळ फुसफुस ऐका. काळ्या काजळीच्या रेघाही जागा दाखवतात. गॅरेजमध्ये पाइपात धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी होत असेल तर उत्तमच. तोवर गाडीत सुगंधी डबी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जोमाने चिकटतो; धुराचा वास हाच आपल्याला मिळणारा इशारा आहे.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. डिकी रिकामी केल्यावर टाकीच्या कडेला नळीभोवती बोट जाईल एवढी फट दिसली आणि बीडिंगही खालच्या बाजूला दबलेले आहे. फट किटवाल्याकडूनच रबरी ग्रोमेट लावून बंद करून घेतली, बीडिंग मागवले आहे. वास पुष्कळ कमी झाला, पण संपलेला नाही. फडके दाबल्यावर कन्व्हर्टरच्या मागच्या सांध्याशी आणि मॅनिफोल्डशी, अशा दोन्ही ठिकाणी फुसफुस ऐकू आली. मागचा सांधा या आठवड्यात दुरुस्त होईल. मॅनिफोल्डची फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असल्यामुळे त्याला जास्तीची हवा दिसून इंजिनाला विनाकारण अधिक पेट्रोल दिले जात असेल, आणि मायलेज त्यामुळेच घटले असेल, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर असेल तर ते कामही टाळता येणार नाही. अशा जुन्या मॅनिफोल्डचे स्टड न तोडता काढण्याचा अनुभव कुणाला आहे का, आणि आधी काही दिवस गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्याने खरोखर फरक पडतो का?