मदत हवी आहे: बाबांना मिनर्वच्या द्राक्षबागा दाखवायला कधी न्यावं?

नमस्कार मंडळी,

मी तुलूझला नोकरीला असतो. आईबाबा पहिल्यांदाच इकडे येणार आहेत. बाबांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे पॅरिसपेक्षा त्यांना इथल्या बागांची ओढ जास्त. दक्षिण फ्रान्समधल्या मिनर्व गावात दोन-तीन दिवस मुक्काम करायचं मनात आहे. सेस आणि ब्रियां नद्यांच्या संगमावर, चुनखडीच्या कड्यावर वसलेलं अगदी लहान गाव. १२१० साली धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोरने वेढा घालून गावाचं पाणी तोडलं आणि शरण आलेल्यांपैकी सुमारे १४० कॅथार पंथीयांना (चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ) जाळून मारलं. एवढ्या लहान जागी एवढं घडलंय, हे वाचल्यापासून आईलाही तिथे जायचंय.

खरी अडचण वेळेची आहे. या भागातल्या जुन्या कारिन्यां (वाइनच्या काळ्या द्राक्षाची एक जात) वेलींना ना मंडप, ना तार. आखूड खोड, त्यावर हातांसारख्या चार-पाच फांद्या, आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. "तारेशिवाय माल पेलतो कसा?" हे बाबा मला फोनवर सारखं विचारतात. त्यांना ती छाटणी प्रत्यक्ष बघायची आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीनंतर (फळांसाठीची छाटणी) मार्चपर्यंत त्यांना बाग सोडता येत नाही. डाऊनी (बुरशीचा रोग), अवकाळी, गारपीट, सगळं तेव्हाच. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि तिच्यामागची कामं. म्हणजे उरतात जुलै ते सप्टेंबरची सुरुवात.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर इथे तोडणी चालते. तेव्हा बागवाले कामात बुडालेले असणार. एखादा शेतकरी तासभर बाबांशी बोलेल का? मी दुभाषा होईन, पण 'ओलांडा' (खोडावरची आडवी फांदी), 'सबकेन' (काडीचा शेंडा खुडल्यावर फुटणारी उपकाडी), 'डोळे' (काडीवरच्या कळ्या) यांना फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. आधी ईमेल करावी, की सरळ जवळच्या सहकारी वाइनरीत जाऊन विचारावं?

दुसरं म्हणजे प्रवास. नार्बोनपर्यंत रेल्वे आहे, पुढचं काय? मला गाडी चालवता येत नाही. जवळच्या ओलोंझाक गावात राहून टॅक्सीने मिनर्वला जाणं जमेल का?

आणि उन्हाळ्यात सेसचं पात्र कोरडं पडलं की नदीने कोरलेल्या नैसर्गिक पुलांखालून चालत जाता येतं म्हणतात. आईचे गुडघे दुखतात. तिथली वाट कितपत खडकाळ आहे, हे तिकडे जाऊन आलेल्या कुणी सांगाल का? दोघंही शाकाहारी आहेत, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर कुणाला माहीत असेल तर तेही कळवा.