ट्रेडमिलच्या आधी दुसरा हूड

अग्निशमन जवानांच्या आरोग्यनिधीतून आधी काय घ्यावं, यावर बहुतेकांचं मत पडलंय की स्टेशनला ट्रेडमिल घ्यावी. घ्या, हरकत नाही. आगीच्या कामात हृदयावर ताण येतोच. पण पहिला पैसा काजळी धुण्यावर जावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमनाचं काम सरळ गट १ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक, टाकलं.

प्रत्येकाला दोन हूड, म्हणजे हेल्मेटखाली डोकं-मान झाकणाऱ्या आगरोधक टोप्या, द्या. मान आणि जबड्याची कातडी पातळ, त्यात उष्णता आणि घाम. काजळीतली रसायनं तिथून सहज आत शिरतात. एकच हूड असेल तर काळा पडलेलाच पुढच्या कॉलला चढतो. शिवाय गाडीमागे एक बादली, सौम्य साबण, मऊ ब्रश. श्वसनसंचाचा मास्क चेहऱ्यावर असतानाच डोक्यापासून खाली घासून धुवायचं, मग कपडे पिशवीत बंद. केबिनमध्ये तर मुळीच नकोत! मास्क आधी काढला की धुताना उडणारं सगळं नाकात.

धुलाईयंत्र घेतलंत तर पाणी ४० अंशांच्या वर नको, आणि कोटाचं बाहेरचं कापड व अस्तर वेगवेगळं धुवा. ब्लीचने अरामिडचा, म्हणजे या कोटांच्या आगरोधक कापडाचा, धागा कमजोर होतो. उन्हानेही तेच (तारेवर टांगलेले कोट पाहून कुणाला खटकतही नाही). सावलीत, पंख्याखाली वाळवा.

समुपदेशकाचे पैसे निधीने थेट द्यावेत. नावांची यादी वरिष्ठांकडे जाणार असेल, तर तिकडे कुणी फिरकत नाही.